वैरण कोणत्या अवस्थेत कापावी: वाढीच्या टप्प्यानुसार चाऱ्याचा कस राखण्याची पद्धत

ऊसतोड सुरू झाली की वाळव्यापासून कऱ्हाडपर्यंतच्या कृष्णाकाठी गोठ्यातील वैरणीचा हिशोब एका आठवड्यात बदलतो. फडावरून वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, येऊ लागतात आणि पाटाकडेचे संकरित नेपिअर गवत आपोआप मागे पडते. जे दिवाळीच्या सुमारास कापायचे ते संक्रांतीनंतर कापले जाते. तोवर ते डोक्यावर गेलेले असते, भारा जड भरतो आणि वैरण भरपूर असल्याचे समाधान मिळते. दूध मात्र त्याच सुमारास उतरते आणि त्याचा दोष थंडीला किंवा सरकी पेंडीला दिला जातो. मी स्वतः सलग दोन हंगाम हीच चूक केली. पेंड बदलून पाहिली, खनिज मिश्रण बदलून पाहिले, पण गव्हाणीत रोज उरणाऱ्या धाटांच्या चगळाकडे लक्ष दिले नाही. वैरणीची जात, खत आणि पाणी यांवर आपण जितका विचार करतो त्याच्या निम्मा विचारही कापणीच्या दिवसावर करत नाही. प्रत्यक्षात एकाच रानातील एकाच पिकाचा कस तीन आठवड्यांच्या फरकाने इतका बदलतो की ती जणू दोन वेगळी पिके वाटावीत.

आधी कस का उतरतो ते समजून घ्यावे

कोवळ्या रोपाच्या पेशींत साखर, प्रथिने, क्षार आणि पाणी यांचा वाटा मोठा असतो व पेशीभोवतीची भिंत पातळ असते. रोप उंच होऊ लागले की त्याला स्वतःचा भार पेलावा लागतो, त्यामुळे खोडातील पेशींच्या भिंती जाड होतात आणि त्यांत लिग्निन नावाचा कठीण घटक भरतो. लाकडाला कडकपणा देणारा घटक हाच. जनावराच्या कोटीपोटातील सूक्ष्मजीव तंतू पचवू शकतात, पण लिग्निन पचवू शकत नाहीत, आणि लिग्निनने वेढलेला चांगला तंतूही त्यांच्या हाती लागत नाही. त्याच काळात पानांचे प्रमाण घटत जाते व खोडाचे वाढत जाते. प्रथिने मुख्यतः पानांत असल्याने चाऱ्यातील प्रथिनांची टक्केवारी घसरते. वाळलेल्या वजनावर धरले तर नेपिअरमध्ये सुमारे दीड महिन्याच्या वाढीला प्रथिने साधारण 8 ते 10 टक्के असतात, आणि हेच गवत अडीच-तीन महिन्यांचे झाले की ती 5 ते 6 टक्क्यांवर येतात.

याचा दुसरा परिणाम कमी बोलला जातो, परंतु दुभत्या जनावरासाठी तोच अधिक महत्त्वाचा आहे. तंतू जितका जास्त आणि जितका चिवट, तितका तो पोटात अधिक वेळ राहतो आणि पोट भरलेले असल्याने जनावर पुढचा घास घेत नाही. प्रयोगशाळेच्या अहवालात या एकूण तंतूला एनडीएफ म्हणतात. गाय दिवसाला आपल्या वजनाच्या सुमारे 1.2 टक्के इतका एनडीएफ खाऊ शकते, असा ढोबळ आडाखा वापरला जातो. त्यानुसार 400 किलो वजनाच्या गाईची मर्यादा 4.8 किलो होते. चाऱ्यात एनडीएफ 55 टक्के असेल तर ती त्यातील सुमारे 8.7 किलो कोरडा भाग, म्हणजे पाणी वगळून उरणारा चारा, खाईल, तर निबर चाऱ्यात तो 68 टक्के असेल तर 7 किलोवरच थांबेल. म्हणजे निबर वैरणीत घासाघासात कस कमी असतो आणि घासही कमी घेतले जातात. दूध उतरण्याचे कारण या दुहेरी तुटीत असते.

एक हिशोब भाऱ्याच्या मोहाचाही करावा. समजा, 45 दिवसांच्या 100 किलो हिरव्या नेपिअरमध्ये 18 किलो कोरडा भाग आहे आणि त्यात 9 टक्के प्रथिने आहेत. म्हणजे प्रथिने 1.62 किलो मिळाली. तेच 75 दिवसांचे असेल तर कोरडा भाग 25 किलो, पण प्रथिने 6 टक्के, म्हणजे दीड किलो. सात किलो कोरडा भाग जास्त मिळूनही प्रथिने वाढली नाहीत, आणि त्या सात किलोंतील मोठा वाटा चगळात जाणार आहे. हे जास्तीचे वजन कापायला, वाहायला आणि कुट्टी करायला मजुरी व वीज लागते, ती वेगळीच.

यावरून कोवळी वैरण तितकी चांगली असा निष्कर्ष काढला तर तो दुसरा टोकाचा दोष ठरेल. फार लवकर कापल्यास एकरी कोरडा भाग फारच कमी मिळतो आणि पाणीदार चाऱ्याने शेण पातळ होते. तंतू कमी पडल्याने रवंथ घटतो व दुधाची फॅट उतरते. काही पिकांत तर जनावर दगावण्याचा धोका असतो. बहुतेक वैरण पिकांत पचणाऱ्या अन्नघटकांचे एकरी उत्पादन फुलोऱ्याच्या सुरुवातीच्या आसपास सर्वांत जास्त भरते. पुढील सर्व सूचना त्या बिंदूभोवतीच फिरतात, मात्र प्रत्येक पिकाचा अपवाद निराळा आहे.

शिवारात अवस्था ओळखणे

दिवस मोजणे ही सोय आहे, पुरावा नव्हे. मे महिन्यात 40 दिवसांत येणारे नेपिअर पौषातल्या थंडीत 60 दिवसांतही येत नाही, आणि माण-खटावच्या हलक्या रानात पाण्याचा ताण बसलेली ज्वारी कमी उंचीवरच निसवते, म्हणजे कणीस बाहेर टाकते. म्हणून तारीख वहीत असावी, पण निर्णय पीक पाहून घ्यावा. बांधालगतची रोपे नेहमी वेगळी वाढतात. त्यामुळे रानाच्या आत जाऊन वेगवेगळ्या ठिकाणची दहा रोपे कापावीत. त्यांची पाने ओरबाडून पाने व धाटे वेगवेगळी तोलावीत. पानांचे वजन धाटांइतके किंवा त्याहून अधिक असेल तर नेपिअर, ओट आणि बहुकापणीची ज्वारी वेळेत आहेत. धाटे पानांच्या दुप्पट झाली असतील तर वेळ टळली आहे. याशिवाय बुडापासून तिसऱ्या कांडीवर अंगठ्याचे नख दाबून पाहावे. नख सहज रुतले तर तंतू अजून कोवळा आहे, फक्त ओरखडा उठला तर लिग्निन भरले आहे. ही कसोटी प्रयोगशाळेची जागा घेत नाही, पण रोजच्या निर्णयाला पुरेशी आहे.

तृणधान्य वर्गातील पिकांत आपल्याकडे वापरात असलेले शब्दच अचूक मोजमाप देतात. पोटरीत असणे (कणीस अजून पानाच्या आवरणात), निसवणे, फुलोरा, दाणा दुधात, दाणा चिकात आणि मग हुरडा, असा हा क्रम आहे. हिरवी वैरण म्हणून खाऊ घालायचे बहुतेक पीक पोटरी ते निम्मा फुलोरा या दरम्यान कापावे. निम्मा फुलोरा म्हणजे शंभरांतील पन्नास ताटांना फुले दिसणे. एका ताटाचे अर्धे कणीस फुलणे नव्हे. हा गैरसमज अनेकदा आढळतो.

पिकानुसार कापणी

वैरणीच्या ज्वारीत, म्हणजे कडवळात, कसापेक्षा आधी सुरक्षिततेचा विचार करावा लागतो. कोवळ्या ज्वारीत, विशेषतः तिच्या पानांत आणि कोवळ्या फुटव्यांत, धुरीन हा घटक असतो व त्यापासून पोटात हायड्रोसायनिक आम्ल तयार होते. यालाच किराळ लागणे म्हणतात. पाण्याचा ताण बसलेल्या, उभ्याने कोमेजलेल्या किंवा कापणीनंतर नुकत्याच फुटलेल्या ज्वारीत हे प्रमाण अधिक असते. आटपाडी, कवठेमहांकाळ, जत या भागांत टेंभू किंवा म्हैसाळ उपसा सिंचन योजनेचे पाण्याचे आवर्तन लांबते आणि पाणी सुटताच ताणातील ज्वारी एकदम कोवळे फुटवे टाकते. तो आठवडा सर्वांत धोक्याचा समजावा. पाणी दिल्यानंतर हिरवेगार दिसणारे रान पाहून गुरे आत सोडू नयेत. एकाच कापणीच्या वाणांत निम्मा फुलोरा आल्यानंतर, साधारण 65 ते 75 दिवसांनी, कापणी करावी; त्या वेळी विषाचा धोकाही उतरलेला असतो आणि कसही टिकून असतो. बहुकापणीच्या वाणांची पहिली कापणी 55 ते 60 दिवसांनी व पुढील कापण्या सुमारे 40 ते 45 दिवसांनी येतात. मात्र गुडघ्याएवढा फुटवा कधीही हिरवा खाऊ घालू नये. कापून चांगली वाळवलेल्या किंवा मुरघास केलेल्या, म्हणजे कुट्टी हवाबंद दाबून आंबवलेल्या, ज्वारीत हा धोका बराच कमी होतो. किराळ लागलेले जनावर काही मिनिटांतच धापा टाकू लागते, थरथरते आणि कोसळते. घरगुती उपायांत वेळ न घालवता पशुवैद्यकाला बोलवावे, कारण यावर शिरेतून देण्याची औषधे आहेत आणि ती वेळेत मिळाली तर जनावर वाचते.

बाजरीत किराळाचा धोका नाही, म्हणून कोरडवाहू भागात उन्हाळी वैरणीला ती अधिक निर्धास्त आहे. ती पोटरीत असताना ते फुलोऱ्याच्या सुरुवातीस, म्हणजे 50 ते 60 दिवसांत, कापावी. कणीस बाहेर पडल्यावर तिचे धाट फार वेगाने निबर होते. परंतु बाजरी, मका, ज्वारी आणि ओट या सर्वांत नायट्रेटचा विषारी दोष येऊ शकतो. युरियाचा मोठा हप्ता दिल्यानंतर ताण पडला, किंवा ताणानंतर एकदम पाऊस झाला, की नायट्रेट धाटाच्या खालच्या भागात साठते. किराळाचे विष वाळवण्याने उतरते, नायट्रेट उतरत नाही; हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. अशा वेळी कापणी आठवडाभर पुढे ढकलावी, ती दुपारनंतर करावी आणि बुडखा नेहमीपेक्षा उंच ठेवावा.

संकरित नेपिअर, मग ते फुले जयवंत असो वा को-4, लागणीनंतर 60 ते 70 दिवसांनी पहिल्यांदा आणि पुढे दर 40 ते 45 दिवसांनी कापावे. कापणी जमिनीपासून सुमारे 15 सेंटीमीटरवर, म्हणजे वीतभरापेक्षा थोडी खाली, एका घावात करावी. फार उंच बुडखे ठेवल्यास बाजूने बारीक, अशक्त फुटवे येतात, तर जमिनीलगत खरवडून कापल्यास ठोंब मरतात. कोवळ्या नेपिअरमध्ये ऑक्झलेटचे प्रमाण अधिक असते व ते पोटात कॅल्शियमला बांधून ठेवते. उसाच्या वाढ्यांतही हाच दोष आहे. त्यामुळे हिवाळ्यात वाढे आणि उन्हाळा लागताच कोवळे नेपिअर असा क्रम ज्या गोठ्यात चालतो, तेथे जनावराला कॅल्शियमची तूट सलग सहा-आठ महिने सोसावी लागते. खनिज मिश्रण तर द्यावेच, शिवाय लसूणघास किंवा चवळीसारखा द्विदल चारा रोजच्या कुट्टीत मिसळावा, कारण द्विदल चाऱ्यात कॅल्शियम भरपूर असते.

लसूणघासाबाबत घाई आणि उशीर या दोन्ही चुका महाग पडतात. पहिली कापणी 55 ते 60 दिवसांनी आणि पुढे साधारण 25 दिवसांनी, शेतात दहांतील एक ते दोन काड्यांवर जांभळी फुले दिसू लागताच करावी. या अवस्थेत वाळलेल्या वजनावर प्रथिने 18 ते 20 टक्क्यांच्या आसपास असतात. फुले येण्याआधी वारंवार कापत राहिल्यास मुळांत साठलेले अन्न संपते, ठोंब विरळ होतात आणि आरएल-88 सारखा तीन-चार वर्षे चालणारा वाणही दुसऱ्याच वर्षी मोडावा लागतो. वर्षातून एक कापणी जाणीवपूर्वक पूर्ण फुलोऱ्यावर जाऊ द्यावी. त्या कापणीचा कस थोडा कमी भरेल, पण ठोंब सावरतील. कोवळा, दवाने ओला घास उपाशी जनावराला घातल्यास पोटफुगी होते, म्हणून आधी कडबा द्यावा आणि घास काही तास सुकवून मग घालावा. घास वाळवायचा असेल तर उलथापालथ सकाळी, पाने किंचित दमट असताना करावी. दुपारच्या उन्हात पाने तुटून जमिनीवर गळतात, आणि घासातील निम्म्याहून अधिक प्रथिने त्या पानांतच असतात.

ओट निम्म्या फुलोऱ्यावर किंवा दोन कापण्या घ्यायच्या असतील तर पहिली 50 ते 55 दिवसांनी कापावा. चवळी शेंगा धरू लागताच घ्यावी. मक्यात चवळी मिसळली असेल तर मक्याला तुरा येण्याची वेळ दोन्ही पिकांना मानवते.

मका: नियमाला अपवाद

मका हिरवी वैरण म्हणून तुऱ्यापासून दाणा दुधात येईपर्यंत खाऊ घालावा. मुरघासासाठी मात्र वरील सगळा तर्क उलटा करावा लागतो. मक्याचे धाट निबर होत असतानाच कणसात स्टार्च भरत असतो आणि धाटाची घटणारी पचनीयता दाण्याच्या ऊर्जेने भरून निघते. म्हणून येथे थांबणे फायद्याचे आहे, पण एका ठरावीक मर्यादेपर्यंतच. कणीस मधोमध मोडावे आणि दाण्याच्या वरच्या टोकाकडून खाली सरकणारी कठीण व दुधाळ भागांमधील रेषा पाहावी. ती रेषा दाण्याच्या निम्म्यावर ते दोन तृतीयांशावर आली की पूर्ण ताटातील कोरडा भाग 30 ते 35 टक्क्यांच्या आसपास असतो आणि हीच मुरघासाची वेळ होय.

खात्रीसाठी ताटाची कुट्टी करून मूठभर घ्यावी, अर्धा मिनिट घट्ट दाबावी आणि मूठ उघडावी. बोटांतून रस ठिबकला तर पीक ओले आहे. असा मुरघास आंबट वासाचा होतो आणि साखर रसाबरोबर खड्ड्याच्या बुडाशी वाहून जाते. गोळा हळूहळू सुटला आणि तळहात फक्त दमट झाला तर वेळ योग्य आहे. गोळा लगेच विस्कटला तर पीक कोरडे पडले आहे. ते कितीही दाबले तरी मध्ये हवा राहते आणि बुरशी धरते. मिरज, तासगाव, पलूस भागांत उभा मका गुंठ्यावर विकला जातो. विकणाऱ्याला रान लवकर मोकळे हवे असते आणि घेणाऱ्याला कापणी यंत्राची पाळी मिळेल तेव्हा कापावे लागते, त्यामुळे दाण्याची रेषा कोणीच पाहत नाही. व्यवहार ठरवताना दर आणि गुंठे यांच्याबरोबर कापणीची अवस्थाही बोलून घ्यावी. यंत्राची पाळी आठ दिवस आधी सांगून ठेवावी, कारण योग्य अवस्थेचा काळ आठ-दहा दिवसांचाच असतो.

शाळूचा कडबा आणि डोंगरी गवत

माण, जत, आटपाडीच्या शाळूत दाणा महत्त्वाचा, कडबा दुय्यम, असे पूर्वी म्हणत. आज कडब्याचा दर पाहता तसे म्हणवत नाही. दाण्याच्या बुडाशी काळा ठिपका दिसला की दाणा भरण्याचे काम संपलेले असते. त्यानंतर ताट उभे ठेवल्याने दाण्याचे वजन वाढत नाही, फक्त पाने वाळून झडतात आणि कडब्याचा कस उतरतो. ठिपका दिसताच काढणी करून कणसे खळ्यात वाळवावीत आणि हिरवट पाने टिकलेला कडबा पेंढ्या बांधून झाकून ठेवावा. खिलार बैलांना निव्वळ कडब्यावर पोसता येते, परंतु दुभत्या संकरित गाईला तो कुट्टी करून हिरव्या वैरणीबरोबरच द्यावा.

पाटण, जावळीच्या डोंगरउतारावरील गवत सप्टेंबरमध्येच फुलोऱ्यावर येते. मात्र पाऊस थांबत नाही आणि भातकापणीची घाई असते, म्हणून गवतकापणी दिवाळीनंतर जाते. तोपर्यंत बी गळून गेलेले असते, कुसळे पक्व झालेली असतात आणि फुलोऱ्याच्या वेळी 6 टक्क्यांच्या पुढेमागे असलेली प्रथिने 3 टक्क्यांच्या आसपास उतरलेली असतात. पावसात कापलेले गवत कुजते, हे खरे आहे. म्हणून सगळा डोंगर एकदम कापण्याचा विचार सोडून दसऱ्याच्या सुमारास पहिली उघडीप मिळताच दुभत्या जनावरांपुरते गवत आधी कापावे, बांबूच्या तिकाटण्यांवर जमिनीपासून उंच वाळवावे आणि त्याची गंजी वेगळी रचावी.

रोज योग्य अवस्थेची वैरण मिळावी यासाठी रानाची आखणी

सगळे नेपिअर एकाच दिवशी लावले तर ते एकाच दिवशी तयार होते आणि उरलेले दीड महिना निबर होत राहते. चार दुभत्या जनावरांना रोज 100 किलो हिरवे नेपिअर लागते असे धरले आणि चांगल्या पाण्याच्या रानात एका कापणीला गुंठ्यास 250 किलो उत्पादन धरले, तर 45 दिवसांच्या फेऱ्यासाठी 18 गुंठे लागतात. या रानाचे 45 पट्टे पाडावेत. प्रत्येक पट्टा सुमारे 40 चौरस मीटरचा होईल. लागण तीन टप्प्यांत, पंधरा दिवसांच्या अंतराने, प्रत्येकी पंधरा पट्ट्यांची करावी. पहिला टप्पा 60 दिवसांचा झाला की रोज एक पट्टा कापावा. पंधरा दिवसांनी तो टप्पा संपेल तेव्हा दुसरा टप्पा 60 दिवसांचा झालेला असेल, त्यानंतर तिसरा, आणि शेवटचा पट्टा कापून झाल्यावर पहिल्या पट्ट्याचा फुटवा बरोबर 45 दिवसांचा असेल. पट्ट्यांच्या कडेला क्रमांकाची खुंटी ठोकावी, म्हणजे घरातील कोणीही विळा घेऊन गेले तरी चुकीचा पट्टा कापला जाणार नाही. पावसाळ्यात वाढ वेगाने होते आणि फेरा मागे पडतो. तेव्हा रोज दोन पट्टे कापून जास्तीची वैरण सुकवून मक्याबरोबर मुरघासात घालावी.

वैरणीची वाटणीही अवस्थेनुसार करावी. नुकत्याच व्यालेल्या आणि जास्त दूध देणाऱ्या जनावराला वेळेवर कापलेला पट्टा, गाभण भाकड जनावराला आठवडाभर पुढे गेलेला, आणि बैलांना निबर झालेला द्यावा. आपल्याकडे सगळ्यांना एकाच भाऱ्यातून टाकण्याची पद्धत आहे. ती समान वागणूक वाटते, परंतु त्यात दुभत्या जनावराची उपासमार होते आणि भाकड जनावर फुकट लठ्ठ होते.

निर्णय बरोबर होता की नाही हे गव्हाण सांगते. सलग तीन दिवस टाकलेली आणि उरलेली वैरण तोलावी. दहा किलोमागे एक किलोपेक्षा जास्त धाटे उरत असतील तर पुढील पट्टा चार-पाच दिवस आधी घ्यावा. शेणात लांब, न पचलेले तंतू दिसत असतील तर हाच अर्थ घ्यावा; उलट शेण पातळ पडत असून फॅट उतरली असेल तर पीक फार कोवळे कापले जात आहे, किंवा सोबतचा कडबा कमी पडत आहे.

राहिला प्रश्न वाढ्यांच्या हंगामाचा. कारखान्याचे बॉयलर पेटण्याआधी, ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात, नेपिअरचे जेवढे पट्टे 40 दिवसांच्या पुढे गेले असतील तेवढे एकदम कापून मुरघास करावा. वाढे सुरू झाल्यावरही रोजचा एक पट्टा चुकवू नये. थंडीत वाढ मंद असल्याने तो पट्टा 100 किलोऐवजी 50-60 किलोच देईल. उरलेली जागा वाढ्यांनी भरावी आणि त्या मिश्रणावर लसूणघासाची एक पेंढी टाकावी.